जुन्या सोसायटीला ‘अडॅप्टिव्ह’ करायचं तर सुरुवात कुठून?

ताई, तुमचा प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात मांडते. विलेपार्ले पूर्वेला १९७८ साली बांधलेली सोसायटी, तळ अधिक तीन मजले, १६ सदनिका, लिफ्ट नाही. फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या पट्ट्यात असल्यामुळे, उंची वाढवता येत नाही, म्हणून दोन बिल्डर आले, चहा पिऊन गेले आणि परत फिरकले नाहीत. बहुतेक सभासद साठीच्या पुढचे. एका सभासदाच्या मुलाने उन्हाप्रमाणे उघडझाप करणाऱ्या परदेशी इमारतींचे व्हिडिओ सभेत दाखवले आणि विषय निघाला की पाडता येत नसेल तर आहे ती इमारतच ‘रिस्पॉन्सिव्ह’, ‘अडॅप्टिव्ह’, म्हणजे गरजेप्रमाणे प्रतिसाद देणारी आणि बदलणारी, का करू नये? तुम्ही विचारताय की हे आपल्याकडे जमेल का, पैसे पाण्यात जातील का, लिफ्ट बसेल का, सेन्सर लावावेत का. आणि जाता जाता, तळमजल्यावरच्यांनी लिफ्टचे पैसे का द्यायचे.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. माझं बहुतेक काम पश्चिम उपनगरांतल्या जुन्या आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतींच्या तपासणीचं आणि दुरुस्तीचं. त्यामुळे माझं उत्तर सांगाड्याच्या बाजूने झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा. एखादा आर्किटेक्ट याच प्रश्नाला उजेड-वाऱ्यापासून सुरुवात करेल आणि त्याचंही चूक नसेल. शिवाय इमारत न बघता पक्कं निदान करता येत नाही, तेव्हा जिथे ‘बघावं लागेल’ म्हणते तिथे खरंच बघावं लागेल.

खरं तर तुमची इमारत गेली चाळीसेक वर्षं ‘अडॅप्ट’ होतच आली आहे, फक्त कोणी कोणाला विचारून केलं नाही. १९७८ मध्ये घरटी दोन-तीन पंखे, ट्यूबलाइट आणि असलाच तर एक फ्रिज एवढं धरून वायर घातली गेली. जिने चढणारे गुडघे तरुण होते. मग बाल्कनी हॉलमध्ये घेतली गेली. खिडक्यांना बाहेर आलेले ग्रिलचे पिंजरे लागले, त्यात कुंड्या आल्या. छज्जांवर एसीची युनिटं बसली. जुन्या लादीवरच नवी टाइल चढली. गच्चीत दर गळतीला कोब्याचा आणखी एक थर पडला आणि टाक्या वाढल्या. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचंच केलं, पण ते सगळं ओझं, पाणी आणि भोकं एकाच सांगाड्याच्या वाट्याला आली. यापुढेही बदल होणारच. ते सांगाड्याला न दुखावता कसे होतील, हे तुमच्या प्रश्नाचं मर्म आहे असं मी समजते आणि त्यालाच उत्तर देते.

आधी त्या व्हिडिओंचा निकाल लावू. उन्हाप्रमाणे हलणाऱ्या भिंतीचं जुनं आणि गाजलेलं उदाहरण म्हणजे पॅरिसची ‘इन्स्टिट्यूट द्यू मोंद आराब’, १९८७ सालची, वास्तुकार जाँ नुवेल. दक्षिणेकडच्या काचेमागे धातूच्या झडपा आहेत. ऊन वाढलं की त्या मिटाव्यात, उतरलं की उघडाव्यात अशी योजना. दिसायला अप्रतिम. पण त्यातल्या पुष्कळ झडपा मधली कित्येक वर्षं बंद पडलेल्या होत्या. अबू धाबीच्या अल बहर टॉवर्सवर २०१२ मध्ये घडीच्या पडद्यांची अशीच, जास्त सुधारलेली योजना झाली. तिच्या मागे मोठ्या संस्थेचं देखभालीचं बजेट आहे. पार्ल्यात खारी हवा, चार महिने तिरका पाऊस, बारा महिने कबुतरं आणि पंप बिघडला तर माणूस यायला दोन दिवस. मोटर लावलेली प्रत्येक गोष्ट सोसायटीत किती वर्षं चालते ते तुम्ही तुमच्या इंटरकॉमवरून ठरवा. गळक्या इमारतीला हलता दर्शनी भाग लावणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तरीही ‘अडॅप्टिव्ह’ या कल्पनेत तथ्य आहे, आणि ते कुठे आहे हे एका फसलेल्या प्रयोगावरून जास्त नीट कळतं. टोकियोतला नाकागिन कॅप्सूल टॉवर. जपानी वास्तुकार किशो कुरोकावा यांनी १९७२ मध्ये बांधला. मधे काँक्रीटचे दोन मनोरे आणि त्यांना बोल्टने अडकवलेल्या १४० खोल्या, म्हणजे कॅप्सूल. कल्पना अशी की साधारण २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची, नवी लावायची, मनोरे तसेच राहतील. कागदावर याहून ‘बदलती’ इमारत सापडणार नाही. प्रत्यक्षात एकही कॅप्सूल कधी बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये इमारत पाडली. खोल्या एकमेकांना इतक्या खेटून होत्या की एक काढायची तर तिच्या वरच्याही हलवाव्या लागणार. आणि मालक अनेक, त्यांचं एकमत होईना. हे वाचून तुम्हाला तुमची सर्वसाधारण सभा आठवली असेल तर बरोबरच आठवली. इमारत बदलती व्हायची तर तिचा एक भाग शेजाऱ्याला न हलवता बदलता आला पाहिजे. तांत्रिकदृष्ट्याही आणि सहीच्या दृष्टीनेही.

डच वास्तुकार हाब्राकेन साठच्या दशकापासून हेच सांगत होते: टिकाऊ आधार वेगळा ठेवा, घराघरातली भर वेगळी ठेवा. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर, कमी आयुष्याची वस्तू जास्त आयुष्याच्या वस्तूत गाडायची नाही. सांगाडा नीट राखला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. नळ, सांडपाण्याचे पाइप आणि वायर त्याआधी दोन-तीनदा बदलाव्या लागतात. स्वयंपाकघराची मांडणी तर सून आली की बदलते. आपल्या सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत हे सगळं एकमेकांत कालवलेलं आहे. पाइप भिंतीत, वायर प्लास्टरमध्ये, सांडपाणी स्लॅबच्या पोटात. ते सोडवून वेगळं करणं हेच तुमचं ‘अडॅप्टिव्ह’ काम.

पण त्याआधी सांगाडा कोणत्या अवस्थेत आहे ते कळलं पाहिजे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. शिवाय आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, सोसायटीने ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी ते करून घ्यायचं असतं. अहवालात इमारत चारपैकी एका वर्गात येते. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता सांगाड्याची दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. सी-१ आलं तर माझं पुढचं सगळं उत्तर गैरलागू. तेव्हा फनेल झोन असो वा नसो, पुनर्विकासाचाच विचार करावा लागेल, हवं तर स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच करायच्या. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती असते, तिच्याकडे जायचं. सोयीचा अहवाल मिळेपर्यंत इंजिनिअर बदलत राहू नका.

ऑडिट म्हणजे हातोडी मारून ‘पोकळ वाजतंय’ म्हणणं नव्हे. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली आला तर शंकास्पद. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडचे आकडे आले तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर. या चाचण्या करून घ्याच. मात्र सभासदांना प्रकरण समजावायला मला सगळ्यात उपयोगी पडते ती साधी फिनॉल्फ्थॅलिनची बाटली. बीमचा कोपरा ताजा फोडायचा, धूळ झटकायची आणि द्रावण फवारायचं. आतलं काँक्रीट लगेच राणी रंगाचं गुलाबी होतं, बाहेरचा पट्टा राखाडीच राहतो. गुलाबी म्हणजे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळईला गंजापासून संरक्षण आहे. राखाडी म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते संरक्षण खाऊन टाकलं. आता बघायचं एवढंच की सळई गुलाबीत आहे की राखाडीत. तुमच्या काळच्या बांधकामात कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, बहुधा २० ते २५ मिलिमीटर, तेही मिस्त्रीच्या मर्जीवर. पिळाच्या टॉर सळया असतील तर आणखी जपून, त्या गंजायला लागल्या की भराभर गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटतात. पोपडा पडला त्या दिवशी आजार सुरू होत नाही, तो बराच आधी सुरू झालेला असतो.

दुरुस्तीच्या कामात एकच गोष्ट स्वतः उभं राहून बघा. टेकू लावल्यावर काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडलं आहे का, आणि सळई घासून चकचकीत केल्यावर कोणी व्हर्निअरने तिची जाडी मोजली आहे का. १६ मिलिमीटरची सळई १३ वर आली असेल तर दिसायला फरक नाही, पण तिची ताकद सुमारे एक तृतीयांशाने गेलेली असते. तिथे जोडीला नवी सळई हवी. हे न करता पॉलिमर मॉर्टर थापलं तर तीन-चार पावसाळ्यांत तोच पोपडा मॉर्टरसकट खाली येतो. कॉलमला जॅकेट, म्हणजे सभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर, घालायचं ठरलं तर तो प्रत्येक बाजूने तीन-चार इंच फुगेल. हॉलमधलं कपाट बसणार नाही म्हणून भांडणं होतात, ती आधीच करून घ्या.

आणि भूकंप. विटीदांडूसारखे बारीक कॉलम असलेल्या त्या काळच्या इमारतींत सळयांची लवचीक मांडणी नसते, कारण त्यासाठीचं आयएस १३९२० हे मानकच १९९३ मध्ये आलं. २००१ च्या भूजच्या भूकंपात अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींपैकी अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. तुमच्याकडे तळमजल्यावर सदनिका आहेत, म्हणजे भिंती आहेत, हे त्यातल्या त्यात बरं. कोणी क्लिनिक किंवा ऑफिससाठी त्या काढल्या असतील तर ते ऑडिटवाल्याला सांगा. लपवू नका.

आता पाणी. माझ्या मते जुन्या मुंबई इमारतीचं निम्म्याहून जास्त दुखणं इथेच असतं, म्हणून जरा लांबण लावते.

गच्चीपासून सुरू करू. साडेचार इंची ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा, एक थर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. वापरातल्या गच्चीवर माणसांच्या वावरासाठी साधारण १५० किलो धरलेले असतात. म्हणजे जुना थर न काढता वर नवा घातला की जणू गच्ची कायमची माणसांनी खच्चून भरली, २०० चौरस मीटरची असेल तर ४० टन वाढले. तेव्हा वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार ‘फोडाफोडी नको, वरूनच करू’ म्हणाला की त्याला जिना दाखवा. जुने थर उतरवा, ढाळ नीट करा, हलकं वॉटरप्रूफिंग घ्या आणि वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. त्याने तिसऱ्या मजल्याचं मे महिन्यातलं तापणंही कमी होतं, एका कामात दोन कामं. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचा पर्यायही लोक घेतात. तो वाईट नाही. परवानगी लागते, आणि तुमच्याकडे उंचीचा आकडाही तपासावा लागेल. सोलर पॅनल बसवायचे असतील तर त्यांचे पाय वॉटरप्रूफिंग करतानाच बांधून घ्या. नंतर ड्रिल मारलं की सगळं मुसळ केरात.

मग संडास-बाथरूम. तुमच्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब बहुधा फूटभर खाली सोडलेला असेल आणि त्यात विटांचे तुकडे भरून वर लादी. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा थोडा हलला की त्या भरावात पाणी साठतं आणि बारा महिने साठून राहतं. वरच्या घरात काही कळत नाही. खालच्याच्या छताला आधी पिवळसर वर्तुळ, मग चहाच्या रंगाचे ओघळ, मग सळई. पुढचा टप्पा म्हणजे दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद. यावर उपाय सोपा आहे. बाथरूम नव्याने करताना त्या खोलगट स्लॅबच्या तळातून अर्धा-पाऊण इंची एक वेगळा पाइप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेत, काढायचा आणि त्याचं तोंड उघडं ठेवायचं, टोकाला सदनिकेचा नंबर रंगवायचा. ट्रॅप गळायला लागला की त्या पाइपातून थेंब पडतो आणि वॉचमनलाही कळतं कोणाच्या घरी गळतंय. सेन्सर नाही, ॲप नाही. मला विचाराल तर ‘रिस्पॉन्सिव्ह’ इमारत म्हणजे ही.

हे काम एकेका घरात करून उपयोग नाही. एका रांगेतली खालपासून वरपर्यंतची चारही बाथरूम एकाच फेरीत घ्या, म्हणजे उभा पाइपही त्याच वेळी बदलता येतो. तुमच्याकडे चार रांगा असतील तर चार फेऱ्या. राहायची गैरसोय प्रत्येकाची एकदाच होते. बिडाचे जुने पाइप जातील तिथे नवे पाइप भिंतीत गाडू नका. ब्रॅकेटवर, भिंतीपासून दोन-तीन इंच सुटे, सांध्यासांध्याला साफसफाईचं झाकण आणि डक्टमध्ये माणूस उतरेल अशी शिडी. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप तेव्हा हाताने उपटता येतं. आज ते उपटायला कोणी पोहोचतच नाही, म्हणून फक्त वरून छाटलं जातं आणि दर पावसाळ्यानंतर जास्त जोमाने येतं.

विजेचंही तेच तत्त्व. जिन्याच्या कडेने झाकण उघडता येईल असा एक उभा मार्ग करा, त्यातून विजेच्या केबल आणि दुसऱ्या कप्प्यातून इंटरनेट. मीटर तळमजल्यावर जमिनीलगत असतील तर वर घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तुमच्यापासून ते हाकेच्या अंतरावर.

बाहेरच्या भिंती आणि ऊन याबद्दल फार लिहीत नाही, कारण उत्तर आपल्या जुन्या घरांनीच देऊन ठेवलं आहे. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीला पाऊस आणि ऊन दोन्ही झोडपतात. पैसे कमी असतील तर आधी तीच बाजू करा. आरसीसी आणि वीटकाम यांच्या सांध्यातल्या भेगा जाळी मारून बुजवा, छज्जे दुरुस्त करा, त्यांच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवा. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा ते बाहेरच अडवलेलं बरं. हलक्या ॲल्युमिनिअमच्या हाताने सरकवायच्या झडपा किंवा बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळायचे पडदे, यात तुम्हाला हवी ती उघडझाप मिळते, आणि मोटर म्हणजे घरातला माणूस. एसीच्या युनिटांसाठी प्रत्येक रांगेला कॉलम-बीममध्ये पकडलेली एकच चौकट आणि ठिबकणाऱ्या पाण्याला एकच पाइप. आज ते पाणी छज्जावर ठिबकतं, तिथे शेवाळ येतं आणि त्याच्याखाली सळई गंजते. कुंड्यांचे पिंजरे काढा म्हटलं की कोणीतरी रडतं. तरी काढा.

आता लिफ्ट, ज्यासाठी तुम्ही मुळात लिहिलंत.

इथे मला फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं उदाहरण द्यायला आवडतं. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीतल्या साठच्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरं. पाडण्याऐवजी लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी सहकाऱ्यांसह त्यांच्या बाहेरून जवळपास ३.८ मीटर खोलीचे नवे सज्जे उभे केले. लोक काम चालू असताना घरातच राहिले. या कामाला २०१९ मध्ये युरोपचा मीस व्हान डर रोह पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्या दोघांना प्रित्झकर हा वास्तुकलेचा मोठा पुरस्कार. माझ्या दृष्टीने त्यातली घेण्यासारखी गोष्ट अशी की नवी भर जुन्या इमारतीच्या अंगावर टाकली नाही, ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. त्यांचे काचेचे सज्जे थंड हवेसाठी आहेत, आपल्याला नकोत. पाय मात्र हवेत.

तुमचा लिफ्टचा मनोराही तसाच हवा: पोलादी सांगाडा, स्वतंत्र पाया, जुन्या इमारतीपासून थोडी फट. भूकंपात किंवा वाऱ्यात दोघं वेगवेगळी हलतात, म्हणून फटीवरची पट्टी एकाच बाजूला घट्ट करायची. लिफ्टचा खड्डा नेहमीच्या प्रकारात दीड मीटरच्या आसपास खोल जातो, आणि शेजारीच तुमच्या कॉलमचा जुना पाया असतो. तो उघडा पाडून खालची माती हलवायची नाही. आधी एक चाचणी खड्डा घेऊन पाया कुठे आणि किती खोल आहे ते बघा. पाया अगदी जवळ निघाला तर कमी खोलीच्या खड्ड्याची लिफ्ट घ्या. खोदकाम पावसाळ्याच्या आत संपवा आणि खड्ड्याला आतून वॉटरप्रूफिंग व पाणी उपसायची सोय ठेवा. मशीनरूम नसलेला प्रकार घ्या. तरी मनोऱ्याचा माथा गच्चीच्या वर जाईलच, म्हणून ड्रॉइंग काढण्यापूर्वी विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेत तो बसतो का ते तपासा. महापालिकेची परवानगी आणि उद्वाहन निरीक्षकांचा परवाना हे दोन्ही लागतील. मोकळ्या जागेत मनोरा आला की अग्निशमन दलाच्या गाडीची वाट अडते का हा प्रश्न येतोच.

खरी अडचण वेगळी आहे आणि विक्रेता ती सांगत नाही. तुमच्यासारख्या इमारतींत जिन्याची बाहेरच्या भिंतीला लागलेली जागा म्हणजे अर्ध्या मजल्यावरचा चौथरा. लिफ्ट तिथेच थांबणार. म्हणजे मजल्याला १८ पायऱ्या असतील तर दरवेळी नऊ चढायच्या किंवा उतरायच्या उरतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना हे चालतं. व्हीलचेअरला चालत नाही. पूर्ण मजल्यावर लिफ्ट न्यायची तर एका बाजूच्या सदनिकांमधून वाट काढावी लागते, आणि प्रत्येक मजल्यावर कोणीतरी आपल्या हॉलची किंवा स्वयंपाकघराची पट्टी सोडायला तयार लागतो. चारही मजल्यांवर एकाच रांगेतले चार मालक तयार झाले तर मी तोच पर्याय सुचवेन, त्यांना योग्य मोबदला ठरवून. नाहीतर अर्ध्या मजल्याची लिफ्ट, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, आणि रुंदी पुरत असेल तर त्या नऊ पायऱ्यांसाठी रुळावर सरकणारी खुर्ची. चाळीसारखा सज्जा असता तर एवढा प्रश्न आला नसता. सिंगापूरने २००१ पासून आपल्या जुन्या सरकारी इमारतींना प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या लिफ्ट बसवायची मोहीम घेतली, तिथे लांब सज्जांच्या इमारतींना ते सोपं गेलं.

चार माणसांची लिफ्ट म्हणजे २७२ किलो. त्यात स्ट्रेचर येत नाही, आणि व्हीलचेअर येते का हे दाराच्या मोकळ्या रुंदीवर ठरतं. कॅटलॉगवर विसंबू नका, ओळखीच्या कोणाची व्हीलचेअर टेपने मोजा.

घरांच्या आत लोकांना हवे ते बदल करू द्या, पण तीन अटी सभेत ठरावाने घाला: ओल्या जागा, म्हणजे मोरी, संडास, सिंक, मूळ जागेवरून हलवायच्या नाहीत, जुनी लादी काढल्याशिवाय नवी घालायची नाही, भिंत काढण्याआधी इंजिनिअरचं पत्र. एवढं पाळलं तर आजी-आजोबांची खोली मोठी करा, मुलं परदेशी गेल्यावर दोनाची एक करा, हलक्या पार्टिशनने परत दोन करा, सांगाड्याला काही देणंघेणं नाही.

सेन्सरचंही विचारलंत. भेग वाढतेय का हे कळायला सेन्सर लागत नाही. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसने काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे. टाकीची पातळी आणि पंप यांची स्वयंचलित जोडणी मात्र जरूर करा, टाकी वाहून भिंत भिजणं त्याने थांबतं. यापुढचं सगळं हौशीत मोडतं.

तर क्रम असा: ऑडिट, मग सांगाडा, मग गच्ची आणि पाणी, त्याच फेरीत पाइप-वायर मोकळ्या करणं, मग पश्चिमेची भिंत आणि सावली. लिफ्टचा अर्ज मात्र पहिल्या दिवसापासून चालू करा, परवानग्यांना वेळ लागतो. दोन ठिकाणी हा क्रम बदलू शकतो. एखाद्या बीमची अवस्था वाईट निघाली तर तिथे आधी टेकू, बाकी नंतर. आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर लिफ्ट सावलीच्या आधी.

पैशांचं म्हणाल तर तुमचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला निधी, पुरणार नाही. आदर्श उपविधींनुसार तो वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी ०.७५ टक्के. बहुतेक जुन्या सोसायट्या हे अजून मूळ बांधकाम खर्चावर मोजतात. १९७८ च्या खर्चाचा पाऊण टक्का म्हणजे आज रंगाचे डबेही येणार नाहीत. टक्का किमान आहे, कमाल नाही. सभेत दर वाढवायला हरकत नाही, आणि तो कामं संपल्यावरही चालू ठेवा.

वाटणीबद्दल. गच्चीची गळती, पावसाची गळती, बाहेरचे सामायिक पाइप आणि सांगाडा हा सोसायटीचा खर्च. घरातल्या संडास-सिंकची गळती ज्याची त्याने करायची. लिफ्ट चालवण्याचा आणि तिच्या देखभालीचा खर्च आदर्श उपविधींत त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांना सारखा आहे, वापरा अथवा न वापरा, म्हणजे तळमजल्यालाही. बसवण्याचा एकरकमी खर्च कसा वाटायचा ते मात्र सर्वसाधारण सभेने ठरवायचं असतं. मजल्याप्रमाणे चढती वर्गणी, तळमजल्याला थोडी पण शून्य नाही, असा ठराव मी काही ठिकाणी तंट्याशिवाय पास झालेला बघितला आहे. तो ठराव टेंडर उघडण्याआधी करून घ्या. एकदा आकडे बाहेर आले की प्रत्येक जण आपल्या घराचा हिशेब मांडून मगच सभेला येतो.